शाळेच्या वेबपानावरील परक्या चौकटी

(रावेर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे, तो नावाने नवा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या व्यवसायाइतकाच जुना आहे. आपल्या स्वाधीन केलेल्या मुलाविषयीची माहिती कोणापर्यंत जाऊ द्यावी आणि कोणापर्यंत जाऊ देऊ नये, हा तो प्रश्न होय. शाळेचे जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. मुलाची जन्मतारीख, जात, पालकाचे नाव व व्यवसाय त्यात नोंदलेला असतो. एखादा अनोळखी गृहस्थ शाळेत आला आणि त्याने रजिस्टर चाळावयास मागितले, तर कोणताही शिक्षक ते त्याच्या हाती देणार नाही. त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाची सदसद्विवेकबुद्धीच त्याला तसे सांगते.

परंतु तोच सावध शिक्षक आपल्या वर्गासाठी केलेल्या वेबपानावर चित्रफितीची एक ओळ चिकटवतो, आणि त्या ओळीच्या द्वारे, त्याच्या नकळत, पान उघडणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद दूर कोठे तरी होऊ लागते. आपल्या हजेरीपटाच्या जोडीला दुसराच एक हजेरीपट भरला जात असतो. तो आपल्याला दिसत नाही, पालकांना दिसत नाही, आणि तो कोण, किती काळ जपून ठेवणार हेही आपल्या हाती नसते. हा दुसरा हजेरीपट कसा भरतो आणि त्यातील नोंदी शक्य तितक्या कमी कशा करता येतील, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या उमेदीने शाळेची किंवा वर्गाची वेबपाने उभी केली आहेत. 2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतील शाळांत संगणक आणि पडदे आले. 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली तेव्हा याच पानांनी आणि मोबाइलवरील निरोपांनी मुलांशी असलेला धागा तुटू दिला नाही. हे काम आपण पदरमोड करून, रात्री जागून केले आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. जे चांगले उभे राहिले आहे त्याला कडीकोयंडा लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम चौकट म्हणजे काय ते पाहू. परिसर अभ्यासाच्या पाठासाठी आपण केळीवर एक पान तयार करीत आहात असे समजा. रावेरच्या मुलांना केळी काही नवी नाही. बागेतील घड, ठिबकाच्या नळ्या आणि माल भरून निघालेल्या गाड्या ती रोजच पाहतात. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्टही आपण त्यांना सांगता. मग वाटते की ऊतिसंवर्धनाने रोप कसे तयार होते याची एखादी चित्रफीत असावी, आणि उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी असलेल्या आपल्या तालुक्याचा नकाशाही असावा. चित्रफीत आपल्याजवळ नसते. ती यूट्यूबवर असते. तेव्हा यूट्यूबवर 'शेअर' आणि त्याखालील 'एम्बेड' असे दाबून जी ओळ मिळते, ती आपण पानात चिकटवितो. त्या ओळीच्या आरंभी 'आयफ्रेम' असा शब्द असतो. तीच ही चौकट.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या तिसऱ्या आवृत्तीत 1996 साली ही सोय प्रथम आली आणि 1997 मध्ये ती वेबपानांच्या प्रमाणभाषेत समाविष्ट झाली. कल्पना साधी आहे. आपल्या पानात एक जागा मोकळी सोडावयाची आणि तेथे काय दाखवावयाचे त्याचा केवळ पत्ता लिहावयाचा. मुलाचा मोबाइल ते पान उघडतो, चौकटीपाशी येतो, पत्ता वाचतो आणि त्या पत्त्यावरील परक्या संगणकाकडे स्वतः जाऊन वस्तू मागून आणतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. चित्रफीत आपण आणून मुलाला देत नाही. आपण मुलालाच त्या दारी पाठवितो. आणि जो दारी जातो त्याला कोण, कोठून आला हे दारावरच्या माणसाला कळतेच.

काय काय कळते? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून इंटरनेट पुरविणारी कंपनी कळते आणि ढोबळ मानाने प्रदेशही कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलचा व ब्राउझरचा प्रकार. तिसरी गोष्ट, मूल कोणत्या पानावरून आले त्याचा पत्ता. याला 'रेफरर' असे नाव आहे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुकी. कुकी ही खुणेची चिठ्ठी होय. परक्या संगणकाने पूर्वी केव्हा तरी ती ब्राउझरपाशी ठेवलेली असते आणि पुन्हा त्याच दारी गेल्यावर ब्राउझर ती आपण होऊन दाखवितो. ही युक्ती 1994 साली नेटस्केप कंपनीत निघाली. दुकानातील खरेदीची यादी लक्षात ठेवावी एवढाच तिचा मूळ उपयोग होता. पुढे तीच चिठ्ठी माणसाच्या मागोमाग हिंडण्याचे साधन बनली.

हे सारे घडण्यासाठी मुलाने चित्रफीत सुरू करावीच लागते असे नाही. नेहमीची चौकट असलेले पान नुसते उघडले आणि चौकट पडद्यावर आली, तरी भेट झालीच. मूल काही न पाहता पान मिटून खेळावयास गेले, तरी नोंद राहिली.

आता आपल्या गावातील घराचा विचार करा. पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांचा असतो. त्यावर ते केळीचे भाव पाहतात, नातेवाइकांशी बोलतात, पैशांचा व्यवहार करतात. त्या मोबाइलवर गूगलचे खाते वडिलांच्या नावाने उघडलेले असते. सायंकाळी तिसरीतील मुलगी त्याच मोबाइलवर आपण दिलेले पान उघडते. पानातील साध्या चौकटीस ती खुणेची चिठ्ठी दिसू शकते, आणि मुलीचे पाहणे वडिलांच्या नावापुढे जमा होऊ शकते. मुलगी कोणत्या शाळेच्या पानावरून आली, किती वाजता आली, तिने काय अर्धवट सोडले, काय तीनदा पाहिले, या बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की एका कुटुंबाचे चित्र तयार होते. त्या कुटुंबाने ते काढण्यास कधीही संमती दिलेली नसते. वडिलांना याची कल्पना नसते आणि मुलीला तर नसतेच. कल्पना असू शकते अशी त्या साखळीतील एकच व्यक्ती, आणि ती म्हणजे पान तयार करणारा शिक्षक.

कोणी म्हणेल की ब्राउझर आता सुधारले आहेत. हे काही अंशी खरे आहे. अ‍ॅपलच्या सफारीने 2020 पासून परक्या चौकटींतील कुकी पूर्णपणे अडविल्या. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी निरनिराळ्या डब्यांत ठेवण्यास आरंभ केला. परंतु गूगलने 2025 च्या एप्रिलमध्ये असे जाहीर केले की क्रोम ब्राउझरमधील या कुकींबाबतची चालू पद्धत कायम राहील आणि निवड वापरणाऱ्यावर सोपविली जाईल. आपल्या खेड्यांतील बहुतेक मोबाइल अँड्रॉइड पद्धतीचे आहेत आणि त्यांत क्रोम आधीपासूनच बसविलेला असतो. तेव्हा सुधारणेचा लाभ ज्यांना सर्वांत अधिक हवा, त्यांच्यापर्यंत तो आपोआप पोहोचत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे, हे दाखविण्यासाठी तीन घटना सांगतो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत गूगल व यूट्यूब यांनी पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून 17 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर, 2020 च्या आरंभापासून, मुलांसाठी म्हणून घोषित केलेल्या चित्रफितींवरील व्यक्तिगत जाहिराती बंद झाल्या. 2022 च्या मे महिन्यात ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने भारतासह 49 देशांतील शैक्षणिक साधनांची तपासणी प्रसिद्ध केली. महामारीच्या काळात सरकारांनी पुरस्कारलेल्या दीडशेहून अधिक साधनांपैकी सुमारे नव्वद टक्के साधनांत मुलांच्या हक्कांना बाध येईल असे माहितीचे व्यवहार तिला आढळले. तिसरी घटना आपल्या घरची आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यासपीठाशी संबंधित माहितीचा एक साठा नीट बंदोबस्त न केल्यामुळे उघडा राहिला होता, असे 2023 च्या जानेवारीत वृत्त आले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते होते आणि जवळजवळ सहा लाख विद्यार्थ्यांचीही माहिती होती. या तिन्ही ठिकाणी कोणा एका दुष्टाने कट केला होता असे नाही. माहिती गोळा होत गेली, साठत गेली, आणि साठलेली वस्तू केव्हा तरी सांडतेच. म्हणून उत्तम उपाय हा की मुळात कमी साठू द्यावे.

खानदेशातील शिक्षकाला या संदर्भात एक स्मरण झाल्यावाचून राहत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित स्वरूपात काढीत. लिहिणारा गुरू आणि वाचणारी मुले, यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. कोणत्या मुलाने कोणता मजकूर वाचला याची वही ठेवणारा कोणी दाराशी बसलेला नव्हता. मुलाला निःशंकपणे वाचता येणे, चुकता येणे, तेच तेच पुन्हा पाहता येणे, हा शिक्षणाचाच एक भाग आहे. वेबपानावरही तोच एकांत आपण मुलाला देऊ शकतो. मात्र आता त्यासाठी थोडी मांडणी करावी लागते. त्या मांडणीकडे आता वळू. संगणकाच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावयाच्या असतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे सांगत आहे, याची नोंद घ्यावी.

सर्वांत आधी स्वतःला विचारावे: चौकट खरोखर हवी आहे काय? नकाशाचेच उदाहरण घ्या. रावेर तालुका दाखविण्यासाठी हलता नकाशा चौकटीत बसविण्याची गरज क्वचितच असते. मुलांकडून तालुक्याचा नकाशा कागदावर काढून घ्यावा. त्यात पालची थंड हवा, सुकी नदी, तापीचा काठ आणि भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील आपले स्थानक दाखवावे, आणि त्याचे छायाचित्र पानावर ठेवावे. कोपऱ्यात मुलाचे पूर्ण नाव राहिले नाही ना, तेवढे पाहावे. छापील स्वरूपाचा नकाशा हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवरून चित्र घेऊन, खाली त्याच्या योगदानकर्त्यांचा ऋणनिर्देश करून, ते आपल्या पानावर चढवावे. चित्र आपल्याच जागी असले म्हणजे मुलाला परक्या दारी जावे लागत नाही. आपण स्वतः मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण किंवा लहानशी चित्रफीत यांनाही हाच न्याय लागू आहे.

चौकट हवीच असेल तर दुसरी पायरी अशी की ती मुलाने मागितल्यावाचून उघडू नये. यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. मी हिला दोन पानांची युक्ती म्हणतो. पाठाच्या मुख्य पानावर चित्रफितीचे एक स्थिर चित्र ठेवावे आणि त्याखाली स्पष्ट शब्दांत लिहावे: "येथे दाबल्यास यूट्यूबवरील चित्रफीत उघडेल. मोठ्यांना सांगून उघडा." हे चित्र दाबले की आपलेच दुसरे पान उघडावे आणि चौकट फक्त त्या पानात असावी. म्हणजे पाठ वाचावयास आलेली चाळीस मुले नोंदली जात नाहीत; ज्याने चित्रफीत मागितली त्याचीच भेट होते. मात्र ते स्थिर चित्रही आपल्या पानावर चढविलेले असावे. ते यूट्यूबच्या पत्त्यावरून थेट आणले, तर पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवल्यासारखे होईल.

या युक्तीने आणखी एक लाभ होतो. एका यूट्यूब चौकटीबरोबर तिची कळसूत्रे चालविणारा पुष्कळ मजकूर उतरतो. एका पानावर अशा पाचसहा चौकटी असल्या म्हणजे घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी त्या बिचाऱ्या मोबाइलची अवस्था होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे जोडणी रडतखडत चालते, तेथील पाड्यावरच्या मुलाला हलके पान हीच मोठी देणगी आहे.

तिसरी पायरी पत्त्याची. मिळालेल्या ओळीत 'यूट्यूब डॉट कॉम' असा पत्ता असतो. त्याच्या जागी 'यूट्यूब-नोकुकी डॉट कॉम' असा पत्ता लिहावा. मधली आडवी रेघ विसरू नये. पुढचा भाग जसाच्या तसा ठेवावा. एम्बेडच्या खिडकीत गोपनीयतेची जी खूण असते ती केल्यासही हाच बदल होतो. 2009 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळावर यूट्यूबच्या चित्रफिती जोडल्या गेल्या तेव्हा सामान्य नागरिकांच्या यंत्रांवर कुकी ठेवल्या जातात म्हणून टीका झाली होती; त्याच काळात ही वेगळी व्यवस्था पुढे आली. या पत्त्यावरून पाहिलेली चित्रफीत पाहणाऱ्याच्या यूट्यूबवरील आवडीनिवडीत धरली जात नाही, आणि तेथील जाहिरातीही व्यक्तिगत नसतात. पत्त्याच्या शेवटी 'रेल बरोबर शून्य' असे जोडले तर अखेरीस सुचविल्या जाणाऱ्या चित्रफिती त्याच वाहिनीच्या असतात, वाटेल त्या नसतात. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने हेही थोडे नाही.

चौथी पायरी 'रेफररपॉलिसी' या शब्दाची. मूल कोणत्या पानावरून आले ते किती सांगावे, हे याने ठरते. भाषाशिक्षकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगतो. 'रेफरर' या शब्दात इंग्रजीत मध्ये दोन 'आर' हवेत. परंतु 1996 च्या नियमावलीत तो एकाच 'आर'ने लिहिला गेला आणि ती शुद्धलेखनाची चूक त्या ठिकाणी अद्याप जशीच्या तशी रूढ आहे. आपण ओळीत लिहावयाचा शब्द मात्र शुद्ध, म्हणजे दोन 'आर'चाच आहे. यूट्यूबखेरीज अन्य चौकटींना येथे 'नो-रेफरर' असे मूल्य द्यावे, म्हणजे पत्ता मुळीच जात नाही. चौकट चालेनाशी झाली तरच सवलत द्यावी. यूट्यूबला हे पूर्ण मौन चालत नाही. 2025 पासून तसे केल्यास चित्रफितीऐवजी 'त्रुटी 153' असा निरोप दिसतो. तेथे 'स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन' असे लांबलचक मूल्य लिहावे. त्याने पानाचा पूर्ण पत्ता जात नाही, फक्त संकेतस्थळाचे नाव जाते. म्हणूनच संकेतस्थळाच्या नावात इयत्ता, तुकडी किंवा मुलांचे नाव घालू नये. जे नाव प्रत्येक दारी सांगावे लागणार, ते साधे असलेले बरे.

पाचवी पायरी 'अलाउ' या शब्दाची, म्हणजे परवानग्यांची. यूट्यूबने दिलेल्या ओळीत परवानग्यांची एक माळच असते: आपोआप सुरू होणे, मोबाइलची हालचाल ओळखणे, कापून ठेवलेल्या मजकुराच्या जागी लिहिणे, इत्यादी. केळीच्या रोपाची माहिती घेण्यासाठी मोबाइल कोणत्या बाजूस कलला आहे हे परक्यास कळण्याचे कारण नाही. ही माळ काढून टाकावी. पडदाभर चित्र दिसण्याची सोय हवी असेल तर तेवढी राखावी. कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि ठिकाण यांची परवानगी परक्या चौकटीस आपण दिल्यावाचून मिळत नाही. तेव्हा आपल्या ओळीत हे शब्द कोठे आले नाहीत ना, एवढे पाहावे. खेळ किंवा प्रश्नमंजूषा पुरविणाऱ्या कोणी ते मागितले, तर कशासाठी असा प्रश्न विचारावा आणि समाधान न झाल्यास ती चौकट घेऊ नये.

सहावी पायरी 'सँडबॉक्स'. शब्दशः अर्थ वाळूची पेटी. मुलाने आपल्या पेटीतच खेळावे, बाहेर वाळू उडवू नये, हा भाव. नुसता हा शब्द लिहिला तर चौकटीतील जवळजवळ सर्व हालचाल बंद होते. मग लागतील तेवढ्या सवलती एकेक करून द्यावयाच्या. यूट्यूबसाठी 'अलाउ-स्क्रिप्ट्स' आणि 'अलाउ-सेम-ओरिजिन' या दोन सवलती लागतात. नव्या खिडक्या उघडण्याची किंवा आपले संपूर्ण पानच दुसरीकडे नेण्याची सवलत देऊ नये. तसे केले म्हणजे मूल चौकटीतील दुव्यावर चुकून बोट ठेवून भलत्याच ठिकाणी भरकटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. या दोन सवलती एकत्र द्यावयाच्या त्या परक्या संकेतस्थळावरील चौकटीस. आपल्याच संकेतस्थळावरील मजकूर चौकटीत दाखविताना दोन्ही दिल्या, तर ती चौकट स्वतःचे बंधन स्वतः काढून टाकू शकते.

याशिवाय 'लोडिंग' या शब्दास 'लेझी' असे मूल्य दिल्यास चौकट पडद्याजवळ येईपर्यंत उतरत नाही. यात मुख्यतः जोडणीची बचत आहे; गोपनीयतेचा भरवसा त्यावर ठेवू नये. आणि 'टायटल' या ठिकाणी चौकटीचे नाव मराठीत अवश्य लिहावे, कारण ज्या मुलास दिसत नाही त्याचा मोबाइल तेच नाव वाचून दाखवितो.

ज्यांचे पान ब्लॉगरवर आहे त्यांना लेखाच्या 'एचटीएमएल' दृश्यात जाऊन हे सर्व बदल हाताने करता येतात. काही व्यवस्थांत नुसता दुवा चिकटविला की त्याची चौकट आपोआप होते. वर्डप्रेसमध्ये असे घडते. तेथे आपोआप झालेली चौकट काढून आपली मापून घेतलेली ओळ घालावी.

एवढे केल्यावर तपासणी केल्यावाचून सोडू नये. आपण गणिताचा ताळा पाहण्यास मुलांना शिकवितो, तसाच हा ताळा. शाळेतील संगणकावर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी, एफ-12 ही कळ दाबावी, 'नेटवर्क' असा भाग निवडावा आणि मग आपले पान उघडावे. पानाने ज्या ज्या दारी धाव घेतली त्यांची यादी तेथे उमटते. मुख्य पान उघडल्यावर तीत आपल्या संकेतस्थळाव्यतिरिक्त कोणाचे नाव आले, तर ते कोठून आले याचा शोध घ्यावा. पुष्कळदा ते आपण विसरून गेलेल्या भेटमोजणीच्या यंत्राचे किंवा सजावटीच्या घड्याळाचे असते. अशा वस्तू निःसंकोच काढून टाकाव्यात. त्यांच्यावाचून पाठाचे काही अडत नाही.

आता या उपायांची मर्यादाही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 'नोकुकी' हे नाव ऐकून निश्चिंत होऊ नये. चौकट उघडली की जोडणीचा क्रमांक परक्यास कळतोच, आणि चित्रफीत सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये काही नोंदी ठेवल्या जाऊ शकतात. आपले पान ज्या कंपनीच्या जागेवर उभे आहे त्या कंपनीस येणारे-जाणारे दिसतातच. आणि शिक्षकानेच जर पानावर मुलांची नावे, छायाचित्रे, गुण आणि पालकांचे क्रमांक मांडले असतील, तर चौकटीची सर्व व्यवस्था व्यर्थ होय. घराला कुंपण घालून ओसरीवर पेटी उघडी ठेवण्यासारखे ते आहे.

कायद्याविषयी थोडक्यात बोलतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे. बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती करू नयेत, असे त्याचे नवव्या कलमात सांगणे आहे. या कायद्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील प्रमुख बंधनांसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. शिक्षणसंस्थांना अध्यापनाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती काही सवलत आहे. परंतु ती सवलत शाळेची आहे, शाळेच्या पानातून आत शिरलेल्या जाहिरातदाराची नव्हे. तथापि दंडाच्या भीतीने हे काम करावे असे मी म्हणणार नाही. कायदा नव्हता तेव्हाही आपण रजिस्टर कुलपात ठेवीत होतोच.

बंधूंनो आणि भगिनींनो, खेड्यातील पालक शाळेवर जो विश्वास टाकतो त्याला तोड नाही. सातपुड्यातील तडवी किंवा पावरा कुटुंबातील आई, जिने स्वतः शाळेची पायरी चढलेली नसते, ती "गुरुजींनी सांगितले आहे" एवढ्या एका शब्दावर घरातील मोबाइल मुलीच्या हाती देते. त्या पानामागे काय चालते हे तपासण्याचे साधन तिच्यापाशी नाही. तिच्या वतीने ते तपासणे हे आपले काम आहे, कारण ते पान आपल्या सांगण्यावरून उघडले जाते.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. या महिन्यात प्रत्येकाने आपले एकच पान घ्यावे. त्यातील अनावश्यक चौकटी काढाव्यात, उरलेल्या दुसऱ्या पानावर न्याव्यात, पत्ता, परवानग्या व पेटी यांची मांडणी करावी आणि यादीचा ताळा पाहावा. पहिल्या वेळी तास-दीड तास लागेल. पुढे सवयीने पाचदहा मिनिटांत होईल. ज्याला जमले त्याने केंद्रातील दुसऱ्याला दाखवावे. नीट केलेली एक ओळ वहीत लिहून ठेवली, तर पुढे फक्त चित्रफितीचा क्रमांक बदलावा लागतो.

 कोणास आपले पान येथेच उघडून तपासावयाचे असल्यास सभा संपल्यावर अवश्य बसू. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.